आकाशवाटा : लेखांक ९ – हरवलेलं विमान आणि न संपणारे तर्क

गेल्या आठवड्यात ब्लॅक बॉक्स कसा काम करतो ते पाहिलं. ते वाचून नाकाडोंगरीच्या बसस्टँडवर एकाने मला गाठलं. "गुरुजी, तो डबा एवढा पक्का असते, तर मलेशियाचं विमान अजून कसं नाही सापडलं?" मी तोंड उघडायच्या आत सोबतच्यांची उत्तरं तयार होती. एक म्हणाला, विमान कुठल्या तरी बेटावर उतरवून लपवलंय. दुसरा म्हणाला, अमेरिकेने पाडलं आणि दाबून टाकलं. तिसरा डोंगरी बुजुर्गच्या खाणीत राबलेला. तिथलं मँगनीज बॅटरीच्या कारखान्यांना जातं, त्यामुळे तो अधिकारानेच बोलला : "मालात बॅटऱ्या होत्या ना भाऊ, त्यायनंच घात केला."

हे तिन्ही तर्क जगभर फिरलेले आहेत. त्यांना हसण्यावारी नेऊ नये. त्यांतला एक तर खऱ्या माहितीवरच उभा आहे : त्या विमानाच्या मालात लिथियम-आयनच्या २२१ किलो बॅटऱ्या होत्याच.

आधी घडलं ते. ८ मार्च २०१४, मध्यरात्र उलटून ४२ मिनिटं झालेली. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे बोइंग ७७७ क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालं. २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी. प्रवाशांत पाच भारतीय होते आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसंही होती. १ वाजून १९ मिनिटांनी कॉकपिटमधून 'गुड नाइट' ऐकू आलं. दोनच मिनिटांत विमान नियंत्रकांच्या पडद्यावरून पुसलं गेलं.

पडद्यावरून पुसलं गेलं म्हणजे आकाशातून नाहीसं झालं, असं नाही. नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाचं नाव, उंची, वेग दिसतो तो विमानातला ट्रान्सपाँडर उत्तर देतो म्हणून. तो बंद पडला की ओळख जाते. लष्करी रडारला अशा उत्तराची गरज नसते. विमानाच्या अंगावर आपटून परतणाऱ्या लहरी त्याला पुरतात. मलेशियाच्या लष्करी रडारवर हे विमान मागे वळताना, पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाताना उमटलं होतं. २ वाजून २२ मिनिटांपर्यंत ते दिसत होतं.

अफवांचं खरं मूळ मला इथे दिसतं. विमान पश्चिमेला वळल्याची नोंद घरातच होती, तरी पूर्वेच्या दक्षिण चीन समुद्रात शोध चालू राहिला. अनेक देशांची जहाजं तिथलं पाणी ढवळत होती. विमान पुढे कित्येक तास उडत होतं, हे पंतप्रधान नजीब रझाक यांनी जाहीर केलं ते १५ मार्चला. आठवडाभर नातेवाइकांना आज एक, उद्या दुसरं ऐकावं लागलं. ज्याचं माणूस त्या विमानात आहे, त्याने अशा वेळी मिळेल त्या धाग्याला धरलं तर त्याला दोष कोण देणार? अधिकाऱ्यांनी हातात असलेली माहिती वेळेवर सांगितली नाही की लोक ती जागा आपल्या परीने भरून काढतात. तेव्हा लोकांना भोळसट म्हणण्याआधी त्या आठवड्याचा जाब विचारायला हवा.

त्याच दिवसांत दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढल्याचं निघालं आणि दहशतवादाची आवई उठली. ते युरोपात आसरा शोधायला निघालेले इराणी तरुण होते. प्रवाशांचे मोबाइल वाजत असल्याचंही नातेवाईक सांगत होते, आणि त्यावरून विमान कुठेतरी उतरलंय अशी आशा धरली गेली. पण आपल्याला कानात ऐकू येणारी रिंग समोरच्या फोनमधून येत नाही, ती नेटवर्क ऐकवतं; समोरचा फोन सापडण्याआधीही ती वाजू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचा पुरावा. २ वाजून २५ मिनिटांनी विमानातल्या उपग्रह यंत्रणेने इनमारसॅट कंपनीच्या उपग्रहाशी पुन्हा संधान बांधलं. त्यानंतर जमिनीवरचं केंद्र तासातासाने 'आहेस का?' विचारत राहिलं आणि यंत्रणा आपोआप 'आहे' म्हणत राहिली. मधल्या काळात जमिनीवरून विमानाला दोनदा फोन लावला गेला. कुणी उचलला नाही. शेवटचा संदेश ८ वाजून १९ मिनिटांचा.

या संदेशांत जागा लिहिलेली नव्हती. पण उत्तर यायला किती वेळ लागला, यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते निघतं, आणि तेवढ्या अंतरावरची ठिकाणं जोडली की पृथ्वीवर एक मोठं वर्तुळ उमटतं. त्या वर्तुळावर विमान उत्तरेला की दक्षिणेला? तुमसर-तिरोडी गाडी फाटकाकडे येताना तिचा भोंगा चढा ऐकू येतो, पुढे गेली की उतरतो. रेडिओलहरींचंही तसंच. शिवाय तो उपग्रह आपल्या जागी अगदी स्थिर नव्हता, किंचित उत्तर-दक्षिण डोलत होता. त्या डोलण्यामुळेच दोन दिशांच्या लहरींतला बारीक फरक हाती लागला आणि उत्तर मिळालं : दक्षिण हिंदी महासागर. २४ मार्चला मलेशियाने ते जाहीर केलं.

या गणिताला पुढे हाताला लागणारा पुरावा मिळाला. २९ जुलै २०१५ रोजी रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर पंखाचा एक तुकडा, फ्लॅपेरॉन, वाहत आला. आतल्या भागांवरच्या क्रमांकांवरून तो याच विमानाचा ठरला. टांझानिया आणि मॉरिशसच्या किनाऱ्यांवरही तुकडे सापडले. बेटावर लपवलेल्या विमानाचे तुकडे आफ्रिकेच्या बाजूला वाहत जात नाहीत. अमेरिकेने पाडलं म्हणणाऱ्यालाही सकाळी ८ वाजून १९ मिनिटांच्या संदेशाला आणि त्या वर्तुळाला जुळेल अशी जागा दाखवावी लागेल. ती आजवर कुणी दाखवलेली नाही. बॅटरीवाला तर्क थोडा तग धरतो, पण आगीने दीडच्या आत यंत्रणा निकामी केल्या असतील तर विमान पुढे जवळजवळ सात तास उडत कसं राहिलं, हे त्याला सांगता येत नाही.

बसस्टँडवरच्या त्या मित्रांना मी म्हटलं, तर्क जरूर करा, पण सोबत एवढंही सांगा की काय सापडलं तर तो सोडून द्याल. आपल्याकडे १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. सगळ्यांना घातपाताचा संशय. अवशेष वर काढल्यावर निघालं ते वेगळंच : विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं, आणि काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हतं. अवशेष मिळाले म्हणून घातपाताचा तर्क मागे पडला. एमएच ३७० च्या बाबतीत किनाऱ्यावर आलेल्या तुकड्यांपलीकडे तेच मिळालेले नाहीत.

का मिळाले नाहीत, हा आजच्या मूळ प्रश्नाचा भाग. ब्लॅक बॉक्सवरचा पाण्याखाली आवाज देणारा बीकन तेव्हा ३० दिवसच चालायचा. त्यातही या विमानाच्या डेटा रेकॉर्डरवरच्या बीकनच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती. ही गोष्ट कटकारस्थानाच्या सगळ्या कहाण्यांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करते. जानेवारी २०१७ पर्यंत समुद्रतळाचा १,२०,००० चौरस किलोमीटर भाग पिंजून काढला गेला. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी कंपनीने जवळपास तेवढाच आणखी. जुलै २०१८ च्या अहवालात चौकशी पथकाने कारण ठरवता येत नाही असं लिहिलं आणि तिसऱ्या कुणाचा हात असण्याची शक्यताही नाकारली नाही. वैमानिकाला परस्पर दोषी ठरवून मोकळे होणाऱ्यांनी तो अहवाल आधी वाचावा.

मार्च २०२५ मध्ये मलेशियाने त्याच कंपनीला 'सापडलं तरच पैसे' या अटीवर आणखी १५,००० चौरस किलोमीटरच्या शोधाला मंजुरी दिली. रक्कम ७ कोटी डॉलर. वर्षानुवर्षं शोध पुन्हा सुरू करा म्हणून पाठपुरावा करणारे नातेवाईक नसते, तर ही मंजुरी मिळाली असती असं मला वाटत नाही.

या अपघातानंतर नियम बदलले : बीकन ९० दिवस चालला पाहिजे आणि समुद्रावरच्या विमानाचा ठावठिकाणा निदान दर १५ मिनिटांनी कळला पाहिजे. आपल्या डोक्यावरून रात्री जाणाऱ्या विमानांवर नजर कोण आणि कशी ठेवतं, ते पुढच्या लेखांकात.