चेहरा त्यांचा, दृष्टी आपली

कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणत्या दुखापतीने कामगाराची कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली असे मानावे, याचा रोकडा हिशेब त्यात होता. दोन्ही हात गेले तर शंभर टक्के. काम करणे अशक्य व्हावे इतकी दृष्टी गेली तर शंभर टक्के. आणि त्याच यादीत नोंद होती चेहरा अतिशय गंभीररीत्या विद्रूप होण्याची. तिच्यापुढेही आकडा शंभराचाच! हात शाबूत, डोळे शाबूत, बुद्धी शाबूत. तरीही हा मनुष्य यापुढे काही कमावू शकणार नाही, असे कायदा गृहीत धरीत असे. ही शक्ती त्याच्यापासून कोणी हिरावली? केवळ आगीने वा यंत्राने खचित नव्हे. ती हिरावली पाहणाऱ्यांच्या नजरेने. कायदा करणारांनी समाजाला बरोबर ओळखले होते, असेच खेदाने म्हणावे लागते.

'विद्रूप' हा शब्द आम्ही कायद्याचा म्हणून वापरला. यापुढे तो वापरण्याची आमची इच्छा नाही.

हा विषय आज आम्ही सिल्वाशाच्या निमित्ताने काढीत आहो, त्यास कारण आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, आणि त्या लढ्यात महाराष्ट्रातील व गोमंतकातील तरुणांचा वाटा मोठा होता. आज त्याच गावाभोवती कारखान्यांची दाटी आहे आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेले हात तेथे राबत आहेत. जेथे वाफ, वीज आणि रसायने आहेत, तेथे भाजण्याचे भय आहे. दुसरीकडे खानवेलच्या बाजूस वारली, कोकणा, ढोडिया यांचे पाडे आहेत. २००५ साली देशाच्या पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले, तरी दादरा व नगर हवेलीत ते त्यानंतरही कित्येक वर्षे त्याहून अधिक राहिले. रुग्णाच्या सहवासातील निरोगी माणसांस रिफाम्पिसिनची एकच मात्रा देऊन रोग रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमासाठी २०१५ मध्ये भारतातून याच प्रदेशाची निवड झाली, ती उगाच नव्हे.

औषधाने कुष्ठरोगाचा जंतू मरतो. परंतु झडलेल्या भुवया, बसलेले नाक, पुरती न मिटणारी पापणी ही मागे राहू शकतात, आणि लोक जंतूस नव्हे तर या खुणांस भितात. बऱ्या झालेल्या माणसास आपण 'रोगी' म्हणत राहतो, तो याच कारणाने.

तिसरा प्रकार जन्मतः दुभंगलेल्या ओठाचा. साधारणतः सातशे जन्मांमागे एका बालकात हे आढळते. आपल्या किनारपट्टीवर असे मूल जन्मले की पहिला प्रश्न आईला विचारला जातो : ग्रहणात सुरी हाती घेतली होतीस काय? वस्तुतः गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडतो. त्या वेळी आपल्याला दिवस गेले आहेत हेही अनेक स्त्रियांस ठाऊक नसते. आधीच खचलेल्या बाळंतिणीवर दोषाचे ओझे लादणे यास धर्म म्हणत नाहीत. अष्टावक्राची कथा सांगणारा आपला धर्म तर याच्या नेमके उलट शिकवितो. जनकाच्या सभेत हसणारे पंडितच अखेर ओशाळले, अष्टावक्र नव्हे.

शरीराच्या उपचाराची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे, हे मान्य केले पाहिजे. बालकांतील व्यंगे हुडकून मोफत शस्त्रक्रिया करविणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सिल्वाशाच्या शेजारच्या पालघरातच सुरू झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्यांस आणि कुष्ठमुक्तांस आपल्या छत्राखाली घेतले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये कायद्यातून वगळले गेले. पण टाके निघाले, कागदावर सही झाली आणि माणूस घरी गेला, की पुढे काय? आरशात पहिल्यांदा पाहताना त्याच्याजवळ कोण असते?

इंग्लंडातील जेम्स पार्ट्रिज १९७० साली, अठरा वर्षांचे असताना, मोटारीला लागलेल्या आगीत होरपळले. पुढे १९९२ मध्ये त्यांनी अशा माणसांसाठी 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. तिच्या कार्याचे मर्म साधे आहे. लोक रोखून पाहणार, विचारणार; तर त्यासाठी आधीच दोन वाक्यांचे उत्तर तयार ठेवावे आणि संभाषणाची सूत्रे स्वतःच्या हाती घ्यावीत. हे धैर्य उपजत नसते, ते शिकविता येते. आपल्याकडे पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या 'श्वेता असोसिएशन'ने कोड असलेल्यांस एकत्र आणून हेच दाखविले आहे. समदुःखी माणसाचा एक शब्द जे करतो, ते शंभर उपदेशांनी होत नाही.

व्रणाच्या आकारावरून मनातील दुःखाचे माप काढता येत नाही, हाही सर्वत्र आलेला अनुभव आहे. लहानशा खुणेने कोणी घर सोडीनासा होतो, तर मोठा व्रण घेऊन कोणी बाजारात ताठ मानेने हिंडतो. म्हणून 'याला काय झाले आहे एवढे?' असे म्हणण्याचा अधिकार कोणासच नाही.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. सिल्वाशाच्या विनोबा भावे नागरी रुग्णालयासारख्या प्रत्येक रुग्णालयाने अशा रुग्णास घरी धाडण्यापूर्वी त्याच्याशी व त्याच्या घरच्यांशी समुपदेशकाची भेट घडवावी, आणि महिन्याने पुन्हा घडवावी. मूल शाळेत परतण्यापूर्वी गुरुजींनी वर्गाशी मोकळेपणाने बोलावे. कारखानदारांनी नुकसानभरपाई देऊन हात झटकू नयेत; काम करू शकणाऱ्यास काम द्यावे, आणि तेही मागच्या गोदामात लपवून नव्हे. ज्यांना मन मोकळे करण्यास कोणी नाही, त्यांच्यासाठी शासनाची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा आहे, हे आशाताईंनी पाड्यापाड्यावर सांगावे.

उरला प्रश्न आपला, पाहणाऱ्यांचा. त्यास पैसा लागत नाही आणि शासनाची परवानगीही लागत नाही. वापीहून सिल्वाशास जाणाऱ्या बसमध्ये अशा एखाद्या माणसाशेजारची जागा गर्दीतही रिकामी राहिलेली दिसली, तर वाचकांनी तेथे जाऊन बसावे. दया दाखवू नये, चौकशी करू नये. इतर कोणाही सहप्रवाशाशी बोलावे तसे पावसापाण्याचे बोलावे. परिशिष्टातला तो शंभराचा आकडा कमी करण्याची सुरुवात तेथून होईल.