फायबरच्या होडीवरची पांढरी भुकटी

मे महिना सरत आला, की तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटकांच्या फेऱ्याही थांबलेल्या. होडी माडाच्या झापांखाली जाण्याआधी कुणी तिच्यावरून हात फिरवला, तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. कधीकाळची निळी झालेली असते राखाडी.

लोक याला 'रंग उडाला' म्हणतात. पण फायबरच्या होडीला बहुधा रंग नसतोच. वर असतो जेलकोट, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिस्टर रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. उन्हातली अतिनील किरणे आणि हवेतला प्राणवायू मिळून या रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात, प्रकाश विखुरतो आणि होडी पांढरट दिसते. म्हणूनच भिजलेली होडी पुन्हा गडद दिसते. पाण्याने खड्डे भरलेले असतात, इतकेच. लाल-निळ्या होड्यांवर हे आधी नजरेत भरते.

ओल्या फडक्याने रंग परतला, तर खाली चांगला थर शिल्लक असण्याची शक्यता बरीच. मग गोड्या पाण्याने मीठ धुवायचे, पाण्यातल्या बारीक पॉलिश पेपरने, साधारण ८०० पासून २००० नंबरपर्यंत, मेलेला थर काढायचा, रबिंग कंपाउंड फिरवायचे आणि शेवटी मेण. मेण चकाकीपुरते नाही. ते खड्डे बुजवते आणि पुढची झीज लांबवते. मात्र दर घासणीत जेलकोट पातळ होतो, कडांवर तर लवकरच. खालचे काचेचे धागे दिसू लागले, की पॉलिशचा उपयोग संपला. तिथे नवा थरच द्यावा लागतो.

खरी काळजी इथून पुढे. घाईत मशीनने कोरडे घासणारे पुष्कळ. त्या धुळीत काचेचे तंतू असले तर ते कातडीला खाजवतात, डोळ्यांत सलतात, श्वासनलिकेला त्रास देतात. तोंडाला बांधलेला पंचा बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो. रेझिनचा उग्र वास स्टायरिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये त्याला 'संभाव्य कर्करोगकारक' गटात वरच्या पायरीवर नेले. बंद पडवीत हे काम नकोच. हार्डनरचा एक थेंबही डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा चष्मा हवा, आणि थेंब गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहून दवाखाना गाठायचा. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळल्यावरच दुसरे.

घासलेले पाणीही साधे नसते, त्यात प्लास्टिकचे कण असतात. शेजारीच १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य आहे. खाडीकाठाऐवजी वरच्या बाजूला, खाली ताडपत्री अंथरून घासले, तर साका गोळा करता येतो.

लाकडी होडीला काजूच्या टरफलांचे तेल चोपडणाऱ्या पिढीला हे सोपस्कार नवे. झापांची सावली मात्र तीच, आणि जेलकोटलाही तीच सर्वांत स्वस्त.