शब्दांच्या वाटा : ‘युनिट’

मागील लेखांकात ‘प्लांट’ या शब्दाचा विचार झाल्यावर त्याचा सोबती जो ‘युनिट’, त्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. आणि या शब्दाचे बहुतेक सारे अर्थ एकाच पंचक्रोशीत पाहावयाचे असतील, तर पालघर तालुक्यातील बोईसर-तारापूरइतका सोयीचा मुलूख मला दुसरा ठाऊक नाही.

मुळात हा शब्द गणिताचा. १५७० साली युक्लिडच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत जॉन डी या विद्वानाने संख्येचे बीज जो ‘एक’, त्याच्यासाठी तो योजला. पुढे त्यातून ज्याने मोजावयाचे ते माप आणि मोठ्या व्यवस्थेतील स्वतंत्रपणे चालणारा भाग, असे दोन अर्थ फुटले. तारापूरच्या अणुवीज केंद्रात हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. १९६९ साली देशातील पहिली व्यापारी अणुवीज निर्माण झाली ती तेथील पहिल्या दोन युनिटांतून. ती आज प्रत्येकी १६० मेगावॅटची गणली जातात. नंतरची दोन प्रत्येकी ५४० मेगावॅटची असून त्यांपैकी चौथे २००५ साली, तर तिसरे २००६ साली व्यापारी उत्पादनास लागले. म्हणजे तेथील अंक हे यंत्रसंचाचे नाव आहे, जन्माचा क्रम नव्हे. असे एक युनिट पूर्ण क्षमतेने तासभर चालले की ५,४०,००० युनिट वीज तयार होते. हे दुसरे युनिट आपल्या वीजबिलावरचे: हजार वॅटची इस्त्री तासभर तापवली, किंवा शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला, की एक युनिट खर्ची पडले.

मराठी कान हा भेद आपोआप पाळतो. यंत्रांची वा कारखान्यांची ‘युनिटे’ होतात. बिलात मात्र ‘शंभर युनिट’च पडतात, कारण तेथे वस्तू नव्हे, माप बोलते.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ‘युनिट’ म्हणजे सरळ कारखाना. ‘युनिट बंद आहे’ एवढेच कोणी म्हणाले, तर अणुभट्टी थांबली की एखाद्या औषध-कंपनीचे दार, हे बोलणारा कुठे कामाला आहे त्यावरून ओळखावे लागते. इस्पितळात ‘दोन युनिट लागतील’ म्हटले की नातलग रक्तपेढीची वाट धरतात.

वस्तुतः आपल्याजवळ मापाला एकक, भागाला घटक, वीजनिर्मितीच्या यंत्राला संच आणि उद्योगाला कारखाना, असे निरनिराळे शब्द सिद्ध आहेत; मराठी शाळांतील ‘घटक चाचणी’ तर पोरांच्या तोंडी रुळलेली. बोलण्यात युनिट खुशाल असावे. परंतु सरकारी सूचनेत आणि जाहीर नोटिशीत हे शब्द काटेकोरपणे वापरले गेलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. कारण जेथे माणसेच मोजावयाची असतात, तेथे एकक कोणते हा प्रश्न संसाराचा होतो. तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या दप्तरात सामान्यतः कुटुंब हे एकक धरण्याचा रिवाज आहे. आणि एका चुलीवर जेवणारे तीन विवाहित भाऊ त्या दप्तरात एक की तीन, यावर त्यांना एक घर मिळणार की तीन, हे अवलंबून असते.