खेळात शब्द किती वेळा आठवावा लागतो?

शब्दांची शाळा : भाग ७

नवा शब्द मुलांसमोर पहिल्यांदा कसा आणावा, हे मागच्या भागात पाहिलं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आज समजलेला शब्द आठवड्याने विचारला की वर्ग गप्प होतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे; तरी सातवी-आठवीतल्या कितीतरी मुलांना वहीत दहादा लिहिलेला शब्द बोलताना सुचत नाही. यावर उपाय म्हणून शिक्षकांना खेळ सुचवले जातात. ते योग्यच आहे, पण त्याचं जे कारण सांगितलं जातं ते अपुरं आहे. मुलांना मजा येते म्हणून शब्द लक्षात राहतात, असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते खेळाचं काम वेगळं आहे. विसरायला लागलेला शब्द पुढ्यात काहीही लिहिलेलं नसताना स्वतःच्या डोक्यातून काढायला खेळ भाग पाडतो, आणि या खटाटोपातच शब्द पक्का होतो. जो खेळ हे करायला लावत नाही, तो कितीही रंगला तरी शब्दसंग्रहासाठी त्याचा उपयोग थोडाच.

याला चांगला आधार आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एखादा शब्द एकदा बरोबर सांगता आला, की पुढे त्याचं काय करायचं, एवढाच गटागटांत फरक होता. काहींना तो शब्द पुन्हा वाचायला दिला, पण विचारला नाही. काहींना वाचायला न देता फक्त विचारत राहिले. आठवड्याने चाचणी घेतली, तेव्हा ज्यांना विचारत राहिले होते त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना विचारणं थांबवलं होतं त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात पुन्हा वाचल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी विचारला होता, तेव्हा सगळ्या गटांनी साधारण निम्मे असंच सांगितलं होतं. कोणत्या सरावाने शब्द टिकतो, हे शिकणाऱ्याला आतून जाणवत नाही. म्हणून ते ठरवण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.

या कसोटीवर वर्गातले नेहमीचे खेळ तपासून पाहावेत. इंग्रजी शब्दांच्या भेंड्या आपल्याकडे फार आवडीने खेळल्या जातात. एकाने ‘एलिफंट’ म्हटलं की पुढच्याने ‘टी’वरून शब्द द्यायचा. मूल काय करतं? ‘टेबल’ किंवा ‘टायगर’ म्हणून मोकळं होतं. जो शब्द आधीच जिभेवर आहे तोच बाहेर येतो. या आठवड्यात शिकलेला कच्चा शब्द काढण्याची गरज पडत नाही आणि अर्थाशी तर संबंधच येत नाही. शिवाय ४० मुलांच्या वर्गात एका पाळीला अर्धा मिनिट धरला, तरी वीस मिनिटांत प्रत्येकाला एकच पाळी मिळते. आता दुसरा खेळ पाहा. बाकावरच्या दोघांपैकी एकाने फळ्याकडे पाठ करून बसायचं. शिक्षक फळ्यावर ‘अंब्रेला’ लिहितात. फळा दिसणारा जोडीदार तो शब्द न उच्चारता, हाताने छत्री न दाखवता, जमेल तसा खुलासा करतो: पाऊस येतो, आपण ती उघडतो, शाळेत आणतो. पाठ केलेल्या मुलाला अर्थ कळतो, पण शब्द सापडत नाही. तो दोन क्षण अडतो, आणि मग म्हणतो. ते अडखळणंच मोलाचं आहे. त्याच वीस मिनिटांत फळ्यावर चाळीसदा शब्द लिहिला आणि अर्ध्यावर बाजू बदलली, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला वीस पाळ्या येतात. खर्च एका खडूचा.

खेळात कोणते शब्द घ्यायचे, हेही महत्त्वाचं. पाठ्यपुस्तकाच्या सवयीने आपण सगळे रंग एकदम, सगळी फळं एकदम शिकवतो आणि खेळही त्यांचेच घेतो. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की एकाच गटातले नवे शब्द एका वेळी शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त फेऱ्या लागतात. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसलेला नाही. पण ‘बॉरो’ आणि ‘लेंड’, ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच तासात शिकवल्यावर काय होतं, ते कोणत्याही शिक्षकाला विचारावं. जोडीतला एक शब्द आधी पक्का करून दुसरा दोन आठवड्यांनी आणणं शहाणपणाचं.

खेळात वेळ जातो, अभ्यासक्रम राहतो, हा आक्षेप रास्त आहे, पण तो दोन-दोन मिनिटांच्या एकट्या पाळ्यांच्या खेळांना लागू पडतो. जोडीने खेळलेली दहा मिनिटं दहा वेळा लिहून आणायला सांगण्यापेक्षा स्वस्त पडतात. स्पर्धेत मागे पडणारं मूल आणखी मिटतं, ही तक्रार त्याहून गंभीर आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. चुकला की बाद, अशा खेळात ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तोच सर्वांत आधी भिंतीशी उभा राहतो. असे खेळ शब्दांसाठी वापरूच नयेत. गुण द्यायचेच तर जोडीला द्यावेत. चुकीचं उत्तर मात्र घाबरण्यासारखं नाही: आधी चुकीचा प्रयत्न करून लगेच बरोबर उत्तर मिळालं, तर नुसतं वाचण्यापेक्षा ते अधिक लक्षात राहतं, असं नेट कॉर्नेल आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत दिसलं. अट एकच, बरोबर उत्तर तिथल्या तिथे मिळालं पाहिजे.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. आठवण्यानेच शब्द टिकत असेल तर खेळ हवा कशाला? एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन मुलाने एकट्याने बसावं. तत्त्वतः हे बरोबर आहे. मोठ्या, मनापासून शिकणाऱ्या माणसाला चिठ्ठ्या पुरतात. पण नऊ वर्षांचं मूल तोच शब्द सहाव्यांदा स्वतःला विचारत नाही. जोडीदाराने विचारला तर मात्र सहाव्यांदाही उत्साहाने शोधतं. मजेची जागा इथे आहे: ती पुन्हा पुन्हा आठवण्याचा कंटाळा येऊ देत नाही.

म्हणून वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवावा. शिकवलेला प्रत्येक शब्द चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावा आणि दर खेळाच्या वेळी आजच्या चार चिठ्ठ्यांत कालच्या चार, मागच्या आठवड्यातल्या चार आणि महिन्यापूर्वीच्या दोन मिसळाव्यात. जुनी चिठ्ठी निघाली की वर्ग अडेल. अडू द्यावा, लगेच उत्तर सांगू नये. चिठ्ठीवर सुट्या शब्दापेक्षा वाक्य असावं का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. पुढचा भाग त्यावरच आहे.