धर्मपाठ आणि पुराण

लहान मुलांना धर्म कसा शिकवावा, हा प्रश्न सर्वच धर्मांतील वडीलधाऱ्यांना पडत आलेला आहे. नियम सांगून ते मुखोद्गत करवून घ्यावेत, की कथा सांगून त्यांचा अर्थ हळूहळू मनात उतरू द्यावा? या प्रश्नाचे एक जुने आणि सुंदर उत्तर आपल्या मराठी भाषेत आहे. आणि ते देणारा पुरुष जन्माने इंग्रज होता. त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या सेवेचे मुख्य क्षेत्र म्हणजे साष्टी प्रांत. त्यापूर्वी, १५४२ साली गोव्यास आलेले फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत व त्यांना धर्मपाठ शिकवीत. गुरूने विचारावे, मुलांनी ठरलेले उत्तर द्यावे, अशी प्रश्नोत्तरांची ही रीत पुढेही चालू राहिली.

परंतु तेवढ्याने काम भागेना. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचण्याची बंदी होती. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुराणश्रवण चालत आले, त्या घरांतील कथाच नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी उरली ती केवळ प्रश्नोत्तरे! स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी हाच प्रसंग रंगविला आहे. मुलांना धर्मपाठ शिकविला जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येऊन पाद्रीबाबांना म्हणतो की, हा पाठ उत्तमच आहे. पण आमच्या जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास आम्हांला काही मिळेल काय? अन्यायातून उपजलेली ही उणीव स्टीफन्स यांनी ओळखली, ही मोठी गोष्ट होय.

त्यांचे उत्तर म्हणजे 'क्रिस्तपुराण'. हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. 'पहिले पुराण' जगाच्या उत्पत्तीपासून आरंभ करून जुन्या करारातील कथा सांगते. 'दुसरे पुराण' ख्रिस्ताचे चरित्र सांगते. हा क्रम विचारपूर्वक योजिलेला आहे. आधी मनुष्य कसा चुकला व किती काळ वाट पाहत राहिला, हे ऐकल्यावाचून पुढे तारणारा का आला, हे श्रोत्याला कसे उमगावे?

ग्रंथाचे रूपही ओळखीचे घेतले. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा चरण आखूड, अशी ओवी ज्ञानेश्वरीपासून जात्यापर्यंत सर्वांच्या कानांत बसलेली होती. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द योजिला. शिवाय, मुलांच्या धर्मपाठाचे पुस्तक त्यांनी बोलीच्या कोकणीत लिहिले; ते १६२२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापले गेले. पुराण मात्र मराठीत, कारण पुराण ऐकावयाचे ते मराठीत, अशी लोकांची सवय. आम्ही स्वतः घरी कोकणी बोलतो आणि गौलीगुड्यात मराठी शिकवितो. तेव्हा ही वाटणी आम्हांस सहज पटते.

कथेचे सामर्थ्य आम्ही वर्गातही पाहिले आहे. एकदा मोकळ्या तासाला आम्ही बायबलातील शलमोन राजाच्या न्यायाची कथा सांगितली. दोन स्त्रिया एकाच बालकावर हक्क सांगतात. बालकाचे दोन तुकडे करा, असे राजा म्हणताच खरी आई आपला हक्क सोडते आणि त्यावरूनच ओळखली जाते. मुले राजाच्या चातुर्यावर खूष झाली. पण मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गुरुजी, त्या दुसरीचे बाळ तर रात्रीच मेले होते ना? तिची समजूत कोणी घातली?" आम्ही निरुत्तर झालो. 'दुःखितांवर दया करावी' हे वचन आम्ही शंभर वेळा घोकून घेतले असते, तरी त्यातून हा प्रश्न निघाला नसता.

'क्रिस्तपुराणा'च्या पुढे १६४९ व १६५४ साली आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषांविरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला. कारण कोकणी ख्रिस्ती मंडळींनी हाताने नकला उतरवून त्या जपल्या, आणि अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला.

विद्यार्थी मित्रहो, आपला धर्म कोणताही असो, त्याचे नियम पुस्तकात सापडतील. कथा मात्र सांगणारा आणि ऐकणारा असेल तरच टिकते. आज घरी गेल्यावर आजीजवळ एक कथा मागा. ती आपल्या भाषेत ऐका, आणि संपल्यावर एखादा प्रश्न अवश्य विचारा.