तीन फ्रेम म्हणजे किती मिलिसेकंद?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मी ११ जणांचा डेटा बाद केला. सहभागी पेंगत नव्हते, आकडेमोड बरोबर होती, उद्दीपकांच्या फाइल्सही बरोबर होत्या. मॉनिटर ६० हर्ट्झवर चालत होता आणि मी धरून चालले होते की तो १२० वर आहे. बस्स, एवढंच.

तुमच्यापैकी जे दृष्टी, अवधान किंवा प्रतिक्रिया-काळ अशा विषयांत शिरणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. पीएच मीटर वापरण्याआधी आपण त्याला बफर दाखवतो, वजनकाटा शून्यावर आणतो. मॉनिटरच्या बाबतीत मात्र चित्र दिसलं की झालं, असं समजतो. पण तुमच्या प्रयोगात उद्दीपक पडद्यावरून दिला जात असेल, तर तो पडदा हे तुमचं मोजमापाचं उपकरण आहे. त्याचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट ही त्या उपकरणाची मापं आहेत.

माझा प्रयोग साधा होता. एक आकृती २५ मिलिसेकंद दाखवायची, लगेच तिच्यावर ठिपक्यांचा 'मास्क' टाकायचा आणि विचारायचं, आकृती डावीकडे झुकलेली होती की उजवीकडे? पायलटमध्ये साधारण दोनतृतीयांश उत्तरं बरोबर येत होती, म्हणजे निव्वळ अंदाजापेक्षा जरा वर. आम्हाला हवं होतं तसंच. मग लॅब दुसऱ्या खोलीत हलली, संगणक बदलला आणि खरा प्रयोग सुरू झाला. आता उत्तरं नव्वद टक्क्यांच्या वर बरोबर यायला लागली. मी खूश! मॅडमनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "इतका छान का येतोय गं?"

उत्तर असं होतं. पडदा चित्र सलग दाखवत नाही, ठरावीक अंतराने नवं चित्र रंगवतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची, १२० हर्ट्झला ८.३३ ची. मी कोडमध्ये 'तीन फ्रेम दाखव' असं लिहिलं होतं. १२० ला तीन फ्रेम म्हणजे २५ मिलिसेकंद, ६० ला मात्र ५०. दुप्पट वेळ आकृती समोर असेल तर ती दिसणारच की! आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर २५ मिलिसेकंद दाखवणं शक्यच नाही. दीड फ्रेम नावाची गोष्ट नसते.

इथे एक गैरसमज आताच दूर करते. 'जास्त हर्ट्झ म्हणजे जास्त चांगलं' हे गेम खेळणाऱ्यांसाठी ठीक आहे. आपल्याला वेळ पूर्ण फ्रेममध्ये बसायला हवी. १४४ हर्ट्झवर २५ मिलिसेकंद म्हणजे ३.६ फ्रेम आणि ५० मिलिसेकंद म्हणजे ७.२. दोन्ही निरुपयोगी. त्यापेक्षा तोच मॉनिटर १२० वर उतरवून चालवा, मग २५, ५०, १०० सगळे नीट बसतात. आणि म्हणूनच कंपनीने दिलेल्या यादीबाहेरचा 'कस्टम' मोड तयार करायची वेळ संशोधकांवर येते.

आता प्रश्न असा की तोच मॉनिटर जुन्या खोलीत १२० देत होता, मग नव्या खोलीत ६० वर का बसला? जुना संगणक डिस्प्लेपोर्टने जोडलेला होता, नव्याला फक्त एचडीएमआय होतं. मॉनिटर आपली माहिती संगणकाला एका छोट्या नोंदीतून सांगतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ नोंद फक्त १२८ बाइटची असते. माझं मूळ रिझोल्यूशन हे, मी इतक्या ते इतक्या हर्ट्झमध्ये चालतो, माझा पिक्सेल क्लॉक जास्तीत जास्त एवढा, असं सगळं तिच्यात असतं. आणि गंमत म्हणजे एकाच मॉनिटरच्या दोन पोर्टांची ही नोंद वेगवेगळी असू शकते. आमच्या मॉनिटरच्या एचडीएमआय पोर्टने १२० चा उल्लेखच केलेला नव्हता. त्यामुळे सेटिंगच्या यादीत ६० एवढंच दिसत होतं आणि मी ती यादी उघडूनही बघितली नव्हती.

कधी ही नोंद संगणकापर्यंत पोचतच नाही. मध्ये स्वस्तातला स्प्लिटर असेल, जुनी व्हीजीए केबल असेल किंवा दोन संगणकांना एकच पडदा जोडणारा स्विच असेल, तर असं होतं. मग लिनक्स बिचारं १०२४ × ७६८ वर येऊन थांबतं. लॅबमध्ये नवा पडदा जोडल्यावर सगळं फताडं आणि अंधुक दिसलं, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी मधला डबा काढा आणि थेट केबल लावून बघा. मी यात कधीकाळी अख्खी दुपार घालवली आहे.

तर मी ठरवलं, यादीत १२० नाही ना, मग आपणच घालू. लिनक्सवर (एक्स ११ असेल तर) हे तीन पायऱ्यांत होतं. 'सीव्हीटी' या आज्ञेला रिझोल्यूशन आणि हर्ट्झ द्यायचे, ती आकड्यांची एक लांब ओळ देते. मग 'एक्सरँडआर' वापरून तो मोड नोंदवायचा, आपल्या आउटपुटला जोडायचा आणि लावायचा. वेलँड सत्रात हे चालत नाही. आज्ञा बरोबर असूनही काहीच घडत नसेल, तर आधी आपण कोणत्या सत्रात आहोत ते बघा. शिवाय हा मोड संगणक पुन्हा सुरू केला की नाहीसा होतो, त्यामुळे त्या ओळी सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये टाकाव्या लागतात. मी ते केलं नसतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ६० वर आले असते!

मी मोड लावला आणि पडदा काळा झाला. 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी तरंगायला लागली.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण कस्टम मोडची बहुतेक दुखणी इथेच असतात. १९२० × १०८० एवढे पिक्सेल आपल्याला दिसतात, पण केबलमधून जाणारी चौकट त्याहून मोठी असते. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपली की मागे यायचा आणि पडदा संपला की पुन्हा वर जायचा. त्यासाठी प्रत्येक ओळीच्या कडेला आणि खाली थोडा रिकामा वेळ ठेवलेला असे. झोत गेला, तरी रिकामी जागा राहिली. टीव्हीच्या प्रमाण मोडमध्ये ही पूर्ण चौकट २२०० × ११२५ असते. तिला ६० ने गुणा, १४८.५ मेगाहर्ट्झ येतील. हाच पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला केबलमधून किती पिक्सेल जायला हवेत तो आकडा.

आता माझा मोड. 'सीव्हीटी' आपण वेगळं काही सांगितलं नाही तर जुन्या पद्धतीची भरपूर रिकामी जागा ठेवते. १२० हर्ट्झसाठी तिने सुमारे ३७० मेगाहर्ट्झचा मोड दिला होता. एचडीएमआय १.४ ची मर्यादा आहे ३४०. म्हणजे पडदा बिघडलेला नव्हता, केबलही खराब नव्हती, मीच पेल्यात तांब्याभर पाणी ओतत होते. त्याच आज्ञेला 'रिड्यूस्ड ब्लँकिंग'चा पर्याय दिला की रिकामी जागा आकसते. तेच रिझोल्यूशन, तेच १२० हर्ट्झ, पण क्लॉक उतरतो साधारण २८५ वर. हा मोड लावला आणि चित्र आलं. (एक अडचण सांगून ठेवते. ही आज्ञा रिड्यूस्ड ब्लँकिंग फक्त ६० च्या पटीतल्या दरांना देते. १०० हर्ट्झ हवे असतील तर चौकटीचे आकडे स्वतः बसवावे लागतात.)

विंडोजवाल्यांना एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशनचा पर्याय मिळतो. तिथेही 'टायमिंग'च्या यादीत सीव्हीटी आणि सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक अशी वेगवेगळी नावं असतात. आता ती का आहेत ते तुमच्या लक्षात आलं असेल. विंडोजची अजून एक खोच आहे. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर 'डेस्कटॉप'चा मोड आणि प्रत्यक्ष 'सिग्नल'चा मोड असे दोन आकडे दिसतात. ग्राफिक्स कार्ड स्वतःच चित्र ताणून मोठं करत असेल तर हे दोन वेगळे असतात. वहीत सिग्नलचा आकडा लिहा. स्क्रीन स्केलिंग १२५ टक्के असेल तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रयोगाला १९२० चा पडदा १५३६ रुंदीचा वाटतो, आणि मग दृष्टिकोनाचा, म्हणजे आकृती डोळ्याशी किती अंशाचा कोन करते त्याचा, सगळा हिशोब कोलमडतो. रिझोल्यूशन नेहमी पडद्याचं मूळचंच ठेवा. कमी केलंत तर पडदा शेजारचे पिक्सेल मिसळून दाखवतो आणि तुमच्या बारीक रेघा पुसट होतात.

काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर एक युक्ती आहे. मोड लावणाऱ्या ओळीच्या पुढेच '१५ सेकंद थांब आणि मूळ मोडवर जा' अशी दुसरी आज्ञा लिहून ठेवा. चित्र आलंच नाही तर हात न लावता सगळं पूर्ववत होतं. तेही राहून गेलं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून साध्या अक्षरांच्या कन्सोलवर जा. तिथला मोड वेगळा असतो, त्यामुळे बहुतेक वेळा दिसतं.

चित्र आलं म्हणून मी उठणार होते. मॅडमनी बसवलं. "संगणक १२० पाठवतोय हे कळलं. पडदा १२० दाखवतोय कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. काही मॉनिटर जास्तीचा सिग्नल मुकाट घेतात, चित्रही नीट दाखवतात, पण मधल्या काही फ्रेम सरळ गाळतात. संगणकाला हे कधीच कळत नाही. तपासायचा घरगुती मार्ग म्हणजे पडद्यावर चौकोनांची जाळी काढायची, प्रत्येक फ्रेमला पुढचा एक चौकोन पेटवायचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने शटर एक दशांश सेकंद ठेवून फोटो काढायचा. पेटलेल्या चौकोनांची सलग माळ दिसली तर ठीक. मध्ये खिंडारं असतील तर फ्रेम गळताहेत.

लॅबमध्ये याहून चांगलं करता येतं. आम्ही पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात फोटोडायोड चिकटवला आणि त्याची वायर ऑसिलोस्कोपला दिली. आकृती पडद्यावर असेपर्यंत त्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन राहील अशी कोडमध्ये सोय केली. स्कोपवर २५ मिलिसेकंदांचा उंचवटा दिसला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. हे करताना ब्राइटनेस पूर्ण ठेवा. कमी ब्राइटनेसला काही पडद्यांचा मागचा दिवा स्वतःच वेगाने उघडझाप करतो आणि आलेखात दातेरी कचरा येतो. डायोड कुठे लावला होता तेही लिहून ठेवा. पडदा वरून खाली रंगत जातो, त्यामुळे १२० हर्ट्झलाही खालचा कोपरा वरच्यापेक्षा जवळजवळ ८ मिलिसेकंद मागे असतो. फ्रीसिंक, जीसिंक असलं काही चालू असेल तर बंद करा. आपल्याला दर ठरलेला हवा, बदलणारा नको.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. नव्या मोडमध्ये करडा रंग वेगळा दिसायला लागला. एचडीएमआयवर टीव्हीच्या प्रमाण मोडना काही ड्रायव्हर रंगांची मर्यादित पट्टी लावतात आणि इतर मोडना पूर्ण. म्हणजे रिफ्रेश रेट दुरुस्त करताना कॉन्ट्रास्ट हलला. प्रकाशमापकाने पुन्हा सगळी मोजणी केली, अजून दोन दिवस गेले.

सायकटूलबॉक्स वापरणाऱ्यांना 'सिंक टेस्ट वगळा' ही ओळ माहीत असेल. लॅपटॉपवर कोड लिहिताना लाल इशारा नको म्हणून सगळेच ती टाकतात आणि ती तशीच प्रयोगात जाते. माझ्याही कोडमध्ये होती. ती काढाच. पण खरं सांगायचं तर त्या चाचणीने माझी चूक पकडली नसती. संगणक ६० सांगत होता आणि ६० च देत होता. खोटं माझं कोड बोलत होतं. आता माझा प्रयोग सुरुवातीलाच फ्रेमचा काळ मोजतो. तो ८.३३ च्या जवळ नसेल तर पुढे जायला नकार देतो आणि मोजलेला आकडा प्रत्येक सहभागीच्या फाइलमध्ये लिहितो.

ते ११ जण पुन्हा बोलावता आले नाहीत, कारण त्यांनी आकृत्या बघितलेल्या होत्या. नवीन ११ शोधायला दीड महिना गेला, मध्ये परीक्षा आल्या. जुना डेटा पुसला मात्र नाही. तो वेगळ्या फोल्डरमध्ये '६० हर्ट्झ, ५० मिलिसेकंद' या नावाने आहे, आणि तो का वगळला ते प्रबंधाच्या पद्धतींच्या प्रकरणात एका परिच्छेदात लिहिलं आहे. मॅडमनी त्या परिच्छेदातला एकही शब्द कापला नाही.