जुन्या भिंगातील धूळ आणि बुरशी

पुष्कळ घरांत एखादा जुना कॅमेरा असतो. वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेला, चामडी पाकिटात जपून ठेवलेला. शाळेच्या कपाटात असला तर सहलींच्या आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणींचा. एखाद्या दिवशी कोणी तो बाहेर काढतो, भिंग उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, ‘आत काहीतरी दिसतंय, गेला हा कॅमेरा!’ हे ‘काहीतरी’ काय आहे, ते आधी ओळखले पाहिजे. आपल्याकडे होते नेमके उलटे. धुळीचे चार कण दिसले की लोक भिंग खोलायला बसतात, आणि बुरशी वाढत असली तर पावसाळ्यामागून पावसाळे तशीच जाऊ देतात.

कॅमेऱ्यात रोल नाही याची खात्री करून मागचे झाकण उघडावे. शटर ‘बी’वर ठेवून दाबून धरावे आणि अंधाऱ्या खोलीत भिंगावर तिरपा बॅटरीचा उजेड टाकावा. सुटे सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसले तर ती बुरशी.

आता धुळीचे ऐका. शिवणाची सुई डोळ्याच्या अगदी जवळ आडवी धरा आणि दूरचे झाड पाहा. झाड दिसतेच, सुई मात्र पुसट होते. भिंगातल्या कणाचेही तसेच असते. तो थोडासा उजेड अडवतो, पण चित्रात त्याचा ठिपका उमटत नाही. थरच साचला असेल आणि समोरून सूर्य येत असेल, तर मात्र चित्र पांढुरके, फिके येते. म्हणून आतल्या दोन-चार कणांसाठी स्क्रू खोलण्याचा उद्योग करू नये.

बाहेरच्या धुळीला हात लावतानाही घाई नको. देशावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसले की तेच कण काचेवर ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रशने झटकावे. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात. शेवटी गरज वाटलीच तर भिंग पुसण्याच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन, मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवावे. थेंब कागदावर घ्यायचा, काचेवर नाही. नाहीतर तो कडेने आत उतरतो.

बुरशीची गोष्ट वेगळी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना हवा असतो तो दमटपणा. सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा वर बरेच दिवस राहिली की ते रुजतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर हवा याहूनही दमट असते. काच काही बुरशीचे अन्न नव्हे; पण बोटांचा तेलकटपणा आणि धुळीतला कचरा तिला पुरतो. वाढता वाढता ती आम्ले सोडते. ती भिंगावरचा लेप खातात, पुढे काचेलाही खड्डे पाडतात. तेवढे झाले की बुरशी पुसली तरी तिची नक्षी कायमची राहते. मग नव्याने घासून लेप चढवण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त होतो.

दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणी अशाच आंधळ्या होऊ लागल्या. ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यास करून पाऱ्याचे एक संयुग दुर्बिणींच्या आत वापरले. उपाय लागू पडला, पण पारा विषारी. घरी असले काही करू नये. आतली बुरशी जाणत्या कारागिराकडूनच काढून घ्यावी, आणि ती कोवळी असतानाच.

उन्हात ठेवण्याचा सल्ला हटकून मिळतो. तो धोक्याचा आहे. भिंग सूर्याकडे राहिले तर कापडी शटरला भोक पडते, आणि बुरशी मारणारे किरण काच बरेचसे अडवते.

खरा इलाज ठेवण्याच्या जागेत आहे. चामडे ओल धरते. म्हणून ते पाकीट, कितीही आवडते असले तरी, वेगळे ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेरा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे जेल मिळते. रंग बदलला की ते पुड्यांवरील सूचनेप्रमाणे तापवून कोरडे करून घ्यावे. डब्यातली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के असली की पुरे. डांबराच्या गोळ्या मात्र डब्यात टाकू नका. त्या किड्यांसाठी असतात, आणि त्यांची वाफ काचेवर बसू शकते.

शाळेत मोठे लाकडी कपाट असेल तर पावसाळ्यात आत पंधरा वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा, कशालाही न टेकता, जळत ठेवता येतो. हवा थोडी तापली की तिची ओल धरून ठेवण्याची ताकद वाढते, म्हणजेच सापेक्ष आर्द्रता उतरते. भूगोलाच्या तासाला हे मुलांना दाखवण्याजोगे आहे. त्याच कपाटात प्रयोगशाळेचे सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीणही ठेवावी. भिंग कशातलेही असो, बुरशीला सारखेच. आणि दर महिन्याला कॅमेरा बाहेर काढून शटर चार वेळा उघडमीट करावे, बॅटरीने भिंग पाहून घ्यावे.